हवेवर जगणारा सरडा

पावसाळा सरत आला की खेड्यापाड्यांतल्या शाळांतून एक प्रसंग हटकून घडतो. एखादा विद्यार्थी काचेची बरणी घेऊन वर्गात येतो. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली असतात. आत एक काडी, दोन पाने आणि त्या काडीला चिमट्यासारख्या पायांनी घट्ट धरून बसलेला, चपट्या अंगाचा, शेपटीची गुंडाळी केलेला हिरवा प्राणी. त्याचा एक डोळा शिक्षकांकडे असतो आणि दुसरा खिडकीकडे. "हा काय खातो रे?" शिक्षक विचारतात. "काहीच नाही, सर. चार दिवस झाले. माशी टाकली तर खात नाही, वाटीतले पाणी पीत नाही. नुसत्या हवेवर आहे."

या प्राण्याला मराठीत सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा. शॅमेलिऑन हे इंग्रजी नावही आता आपल्या ओळखीचे आहे. कुंपणावर बसून मान हलवणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर सापडतात. भारतात मात्र एकच जात आहे.

बरणी आणणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर आपण हसण्यावारी नेऊ नये. त्याचे निरीक्षण खरे आहे, चुकला आहे तो निष्कर्ष. हेच निरीक्षण आणि हाच निष्कर्ष युरोपातल्या विद्वानांनी दीड हजार वर्षांहून अधिक काळ खरा मानला होता. तो खोडून काढल्यावरही या प्राण्याला पिंजऱ्यात जिवंत ठेवणे काही जमेना. ते का जमत नव्हते आणि शेवटी कशाने जमले, याची गोष्ट आपल्याला रोमपासून हवाई बेटांपर्यंत घेऊन जाते.

वाऱ्यावर जगणारा

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या प्राण्याचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. स्वतंत्रपणे फिरणारे डोळे, दोन गटांत विभागलेली पायांची बोटे, बदलणारा रंग, अंगावर मांस अगदी थोडे, हे सारे त्यात आहे. चिरल्यानंतरही हा प्राणी बराच वेळ श्वास घेत राहतो, असेही त्याने लिहिले. पण एका गोष्टीचा उल्लेख त्यात नाही. ती म्हणजे जीभ!

पुढे इसवी सन ७७ च्या सुमारास प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या प्रचंड ज्ञानकोशात लिहून टाकले, की हा एकच प्राणी असा आहे जो अन्नपाण्यावर जगत नाही, हवेवर जगतो. त्याआधी ओव्हिड या कवीनेही तेच म्हटले होते. ही समजूत इतकी रुजली की सन १६०० च्या आसपास शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात शॅमेलिऑनच्या जेवणाचा विनोद आला, तेव्हा तो प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही.

इतकी मोठी माणसे फसली कशी? थोडा विचार केला तर असे दिसते की प्राण्यानेच त्यांना फसवले. शॅमेलिऑन थंड रक्ताचा प्राणी आहे. अंग गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. त्याच्याच वजनाच्या उंदरासारख्या प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात त्याचे भागते. त्यामुळे तो बरेच दिवस उपाशी राहू शकतो. तो खातो तेही आपल्या नकळत. अंगाएवढी किंवा त्याहून लांब जीभ निमिषार्धात बाहेर पडते, किडा घेऊन परत येते, आणि बघणाऱ्याला फक्त जबडा हललेला दिसतो. वाटीतले साचलेले पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून कळतच नाही. पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवतो. शिवाय घाबरला की तो फुप्फुसांत भरपूर हवा भरून अंग फुगवतो. माणसाच्या हाती सापडलेला शॅमेलिऑन म्हणजे घाबरलेला शॅमेलिऑन. तो खात नाही, पीत नाही, आणि हवा मात्र पोटभर घेताना दिसतो. पाहणाऱ्याने दुसरे काय लिहावे?

पोट उघडून पाहिले तेव्हा

सोळाव्या शतकात पियेर बलाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक इजिप्त आणि आसपासच्या प्रदेशात हिंडला. त्याने शॅमेलिऑनचे पोट उघडले, तर आत किडे सापडले. १६४६ मध्ये टॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टराने लोकांच्या चुकीच्या समजुतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या समजुतीसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा युक्तिवाद आजही वर्गात सांगण्याजोगा आहे. या प्राण्याला दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत. नुसत्या हवेवर जगायचे असते तर ही सगळी यंत्रणा कशासाठी? मग तो इतरांच्या निरीक्षणांचा दाखला देतो. त्यांत पेरेस्क या फ्रेंच विद्वानाचे नाव येते, आणि पाणी पिणाऱ्या, पिठातल्या अळ्या आवडीने खाणाऱ्या शॅमेलिऑनचा उल्लेखही येतो. पाळलेल्या शॅमेलिऑनच्या आहाराची ही अगदी जुन्या नोंदींपैकी एक म्हणायला हवी.

१६६६ मध्ये पॅरिसला विज्ञान अकादमी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या कामांत प्राण्यांची शवविच्छेदने होती. क्लोद पेरो हा डॉक्टर त्यात पुढे होता. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ. १६६९ मध्ये त्याने शॅमेलिऑन, बीव्हर, सांडणी उंट, अस्वल आणि हरीण यांच्या शरीररचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. जीभ कशी फेकली जाते आणि फुप्फुसे किती पसरतात, हे आता कागदावर आले.

त्याच शहरात दुसऱ्या एका घरी मात्र शॅमेलिऑन जिवंत ठेवण्याचा प्रयत्न चालला होता. मादलेन द स्क्युदेरी या प्रसिद्ध लेखिकेकडे १६७२ मध्ये इजिप्तहून शॅमेलिऑन आले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. त्यांनी या प्राण्यांची रोजची वागणूक पाहिली आणि १६८८ मध्ये त्यावर लेखन प्रसिद्ध केले. पेरोच्या काही मतांशी त्यांचे पटले नाही. चिरलेल्या प्राण्यावरून जे कळते त्यापेक्षा जिवंत प्राण्याबरोबर राहून वेगळे काही कळते, असा हा वाद होता. आम्हाला दोघेही आपापल्या परीने बरोबर वाटतात. जीभ आणि आतडी समजली ती पेरोच्या मार्गाने. पण प्राणी जगवायचा असेल तर स्क्युदेरीबाईंच्या मार्गाने, रोज शेजारी बसून पाहावे लागते.

भरल्या पोटी मरण

एकोणिसाव्या शतकापर्यंत आहाराचे कोडे सुटले होते. उत्तर आफ्रिकेतले शॅमेलिऑन युरोपच्या शहरांत विकायला येत. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर बांधले गेले. किडे मिळत होते, शेगडीची ऊब होती, थंड वाऱ्यापासून जपायला काचेची पेटी होती. तरीही शॅमेलिऑन फार दिवस टिकत नसत. पोटभर खाणाऱ्या प्राण्याचेसुद्धा पाय वाकडे होत, जबडा मऊ पडे, जीभ नीट फेकता येईनाशी होई. समोर किडा दिसत असताना प्राणी उपाशी राही आणि मरून जाई.

या रोगाचे उत्तर प्राणिसंग्रहालयात सापडले नाही, ते लहान मुलांच्या इस्पितळात सापडले. युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुलांना मुडदूस होई. त्यातही पाय असेच वाकत. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली ठेवले. या दिव्यातून अतिनील किरण बाहेर पडतात. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडे सुधारताना दिसली. त्याने आणखी एक सुंदर प्रयोग केला. मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले. सुधारणा दोन्ही हातांच्या हाडांत झाली! म्हणजे किरणांमुळे त्वचेत काहीतरी तयार होते आणि ते रक्तातून सगळीकडे जाते. माशाच्या यकृताच्या तेलातही असाच गुण होता. १९२२ मध्ये मॅकोलम या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या घटकाला 'ड जीवनसत्त्व' हे नाव दिले. या संशोधनातील कामासाठी १९२८ मध्ये जर्मनीच्या विंडाउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यामागची साखळी अशी. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की त्याचे ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात रूपांतर होते. मग शरीराच्या उबेने हळूहळू त्याचे ड जीवनसत्त्व बनते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांत त्याला काम करण्याजोगे रूप येते आणि आतड्यांतून कॅल्शियम शोषले जाऊ लागते. यातली एकही कडी तुटली, तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग रक्तातली कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते.

आता काचेच्या पेटीकडे पुन्हा पाहू. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण नेमके हे अतिनील किरण जवळजवळ सगळे काचेतच अडकतात. थंडीपासून वाचवण्यासाठी लावलेली काचच प्राण्याचे ऊन हिरावून घेत होती. ऊन दिसत होते, म्हणून त्याची उणीव कोणाच्या लक्षात आली नाही.

१९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये अतिनील किरण आरपार जाऊ देणारी 'व्हायटा ग्लास' नावाची खास काच निघाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानेही ती वापरून पाहिली. तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख होती जोन प्रॉक्टर ही तरुण शास्त्रज्ञ. तिने आराखडा केलेले नवे घर १९२७ मध्ये उघडले. एकाच इमारतीत वेगवेगळ्या प्राण्यांना वेगवेगळे तापमान मिळावे, अशी विजेची सोय त्यात होती. प्राण्याला काय परवडेल यापेक्षा त्याला काय लागते, हे पाहून घर बांधायचे, ही दिशा आता ठरली होती.

हवाईतली परसबाग

यानंतरची घटना कोणी ठरवून केलेला प्रयोग नव्हे. १९७२ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर, कानेओहे या गावच्या एका पाळीव प्राणी विक्रेत्याने केनियातून जॅक्सनचे शॅमेलिऑन मागवले. या जातीच्या नरांच्या तोंडावर तीन शिंगे असतात. काही डझन प्राणी प्रवासानंतर पोहोचले ते पाण्यावाचून सुकलेले, हाडे दिसणारे. ते पिंजऱ्यात वाचणार नाहीत असे दिसल्यावर त्याने त्यांना जरा सावरण्यासाठी परसातल्या बागेत सोडून दिले.

ते सावरले, आणि पसरलेही! कानेओहे बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आहे. तिथे वारंवार पावसाच्या सरी येतात, समुद्रावरून वारा वाहतो, मध्येच स्वच्छ ऊन पडते आणि झाडांवर किडे असतात. त्या बागेने काय दिले याची यादी केली तर ती अशी होते : पानांवरचे थेंब, हलती हवा, थेट ऊन, हवी तेव्हा सावली, चढायला फांद्या, तऱ्हेतऱ्हेचे किडे आणि अंडी किंवा पिलांची चिंता न करता राहण्याइतकी जागा. (जॅक्सनचे शॅमेलिऑन पिलांनाच जन्म देतात.) काचेच्या पेटीत काय कमी होते, ते या बागेने एकदम सांगून टाकले.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. केनियाने १९८१ मध्ये या प्राण्यांची व्यापारी निर्यात थांबवली आणि मग हवाईतून ते बाजारात जाऊ लागले. इकडे हवाईच्या रानात मात्र त्यांनी स्थानिक जिवांना खायला सुरुवात केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या पोटात हवाईतल्या दुर्मीळ गोगलगाई सापडल्या. त्यांतली एक जात नामशेष होण्याच्या वाटेवर होती. हवाईत आता हा उपद्रवी प्राणी ठरवला गेला आहे. दयेपोटी सोडलेला प्राणीसुद्धा परक्या ठिकाणी घात करू शकतो, हा धडा विद्यार्थ्यांपुढे आवर्जून ठेवावा.

आजचा पिंजरा

१९८० च्या दशकात अमेरिकेत विल्यम गेरमन यांनी प्राण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या दिव्यांतून अतिनील किरण किती निघतात, याची मोजमापे घेतली. दिवा 'सूर्यप्रकाशासारखा' दिसतो म्हणून तो तसा असतोच असे नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे घरी वापरता येतील असे अतिनील दिवे मिळू लागले. परदेशांत मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन आणि येमेन व सौदी अरेबियातला शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन या जाती पिंजऱ्यांत पिढ्यान् पिढ्या वाढू लागल्या.

अशा मोठ्या जातीच्या एका प्राण्यासाठी आज जे घर योग्य मानले जाते, त्याचा प्रत्येक भाग म्हणजे वर सांगितलेल्या इतिहासाचा एकेक धडा आहे. घर रुंदीपेक्षा उंच असते, साधारण ६० सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच, कारण हा झाडावरचा प्राणी आहे आणि उंचीवर त्याला सुरक्षित वाटते. बाजू जाळीच्या असतात, म्हणजे हवा कोंडत नाही. कोंदट ओलाव्यात त्याच्या फुप्फुसांना रोग होतो. आत जिवंत झाड आणि वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या असतात. वर एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा असतो. त्याखाली ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान राहते, खाली सावलीत २४ च्या आसपास आणि रात्री त्याहून कमी. उबेच्या दिव्याशेजारी अतिनील दिवा असतो आणि मध्ये काच नसते. पाण्याची वाटी नसते. पानांवर पाणी फवारतात, थेंब थेंब गळेल असे भांडे टांगतात. रातकिड्यांसारख्या खाद्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते, म्हणून किड्यांना आधी चांगला पाला खाऊ घालतात आणि त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवतात. मादीसाठी खोल, ओलसर मातीचे भांडे लागते. खणायला जागा मिळाली नाही तर तिची अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते. आणि एका पिंजऱ्यात प्राणी एकच. दुसरा शॅमेलिऑन नुसता सतत समोर दिसत राहिला तरी त्याचा ताण येतो.

रंगाबद्दलही इथेच सांगायला हवे. रंग बदलण्यामागचे मुख्य कारण आजूबाजूला मिसळून जाणे हे नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने रंग म्हणजे प्राण्याची भाषा आहे. सकाळी काळपट होऊन उन्हाकडे वळलेली कूस सांगते, की मला थंडी वाजते आहे. दिवसभर तसाच मलूल राहिला, तर काहीतरी बिघडले आहे.

दिवा लावला, तरी ऊन किती द्यायचे? याचे उत्तर २००९ मध्ये कार्स्टन, फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यांनी पँथर शॅमेलिऑनना आहारातून कमीजास्त ड जीवनसत्त्व दिले आणि ते उन्हात किती बसतात ते पाहिले. आहारात ड जीवनसत्त्व कमी असलेले प्राणी अतिनील किरणांत जास्त वेळ बसले, भरपूर मिळालेले कमी वेळ. म्हणजे आपल्याला किती ऊन हवे, याचा हिशोब प्राणी स्वतःच ठेवतो. पिंजरा बांधणाऱ्याचे काम एवढेच, की ऊन आणि सावली दोन्ही ठेवावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी.

वर्गातली बरणी

हे सारे वाचून एखाद्या विद्यार्थ्याला असा पिंजरा करून पाहावासा वाटेल. त्याला स्पष्ट सांगावे, की आपल्याकडचा सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे. पावसाळ्यानंतर दिसणारा सरडगुहिरा ही पुष्कळदा अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरलेली मादी असते. विषारी समजून लोक तिला मारतात, रस्त्यावर ती चाकाखाली येते किंवा अशी बरणीत जाते. सरडगुहिरा मुळीच विषारी नाही, हेही मुलांना सांगावे.

वर्गात करण्याजोगे प्रयोग प्राण्यावाचूनही आहेत. एक तापमापी उपड्या काचेच्या बरणीत आणि दुसरा तारेच्या जाळीखाली ठेवून दोन्ही २० मिनिटे उन्हात ठेवावेत. दर पाच मिनिटांनी नोंद करावी. बरणीतल्या पाऱ्याची चढण पाहिली की विद्यार्थी पुन्हा कधी जिवंत प्राणी बरणीत घालून उन्हात ठेवणार नाहीत. दुसरा प्रयोग हिवाळ्यातला. शाळेच्या कुंपणावरचा साधा सरडा दर अर्ध्या तासाला उन्हात आहे की सावलीत, आणि त्या वेळी हवेचे तापमान किती, याची आठवडाभर नोंद ठेवावी. आलेख काढल्यावर सरड्याचे वेळापत्रक आपोआप समोर येते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, पण त्या कुंपणावर त्याला कुठल्या वेळी कुठे बसायचे ते पक्के ठाऊक असते.

प्लिनीचे म्हणणे चूक होते. हवेवर कोणी जगत नाही. पण किडे, पाणी, ऊब सगळे देऊनही मोकळ्या हवेवाचून आणि उन्हावाचून शॅमेलिऑन मरतो, हे कळायला आणखी कित्येक शतके जावी लागली. बरणीतल्या प्राण्याला आज खरोखरच हवा हवी आहे. तेव्हा तास संपण्याची वाट न पाहता त्या विद्यार्थ्याला बरोबर घ्यावे, प्राणी जिथे सापडला तिथे जावे, आणि जवळच्या झुडपाच्या फांदीशी बरणी आडवी धरून झाकण उघडावे. तो जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. पहिले पाऊल फांदीवर पडायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ वर्गाने गप्प उभे राहून पाहावे. त्या दिवशीचा तो तास वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही.